दहाव्या वर्षी फुटबॉलपटू ‘दिसत’ नसतो

नाशिकमध्ये थंडी पडली की निवड चाचण्या सुरू होतात, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच एक मेसेज फिरायला लागतो. यंदा माझ्याकडे तो चार ग्रुपांतून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अस्सल खेळाडू दहाव्या वर्षीच दिसतो, मेस्सीही तसाच दिसला. निवडताना उंच, दणकट, वेगवान मुलं आधी घ्यावीत. जाणत्या कोचला पाच मिनिटं पुरतात. शंका आली तर गोल मोजावेत. आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांना कारणं सांगत बसू नये, मुलं खचतात.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मी बरीच वर्षं फुटबॉल शिकवतोय, चाचण्यांत वही घेऊन उभा राहतोय. हा मेसेज वाचून एका आईनं अकरा वर्षांच्या मुलाचं मैदान बंद केलं आणि संध्याकाळचा क्लास लावला. ‘आता दिसलं नाही म्हणजे नाहीच ना, सर?’ असं तिनं मला विचारलं. म्हणून हे लिहितोय.

आधी मेस्सी. त्याला लहानपणी वाढीच्या संप्रेरकाची कमतरता होती, उपचार चालू होते, बरोबरीच्या पोरांत तो बुटका होता. याच मेसेजचा दुसरा नियम लावला असता तर त्याला रांगेतूनच घरी पाठवलं असतं. एकाच मेसेजमधली दोन वाक्यं एकमेकांना खोडतात आणि आपण तो पुढे पाठवत राहतो.

दहाव्या वर्षी जे दिसतं त्यात जन्ममहिन्याचा वाटा फार मोठा असतो. वयोगट १ जानेवारीला ठरतो. २०१५ साली जन्मलेली सगळी मुलं एका गटात, म्हणजे जानेवारीतला आणि डिसेंबरातला मुलगा खांद्याला खांदा लावून उभा. दहा वर्षांच्या मुलासाठी हे अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा भाग. कॅनडात रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा मांडून पाहिल्या, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचीच गर्दी निघाली. नंतर फुटबॉलमध्येही तेच आढळलं. बेल्जियममध्ये १९९७ मध्ये वयोगटाची तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली, तर निवडल्या जाणाऱ्या मुलांचे जन्ममहिनेही तिच्यामागे सरकले. आधी ऑगस्ट-सप्टेंबरची पोरं ‘गुणी’ ठरत होती, मग जानेवारी-फेब्रुवारीची ठरायला लागली. कुठल्या महिन्यात गुणी मूल जन्माला येतं हे काही कागदावरच्या तारखेनं बदलत नाही.

आमच्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकून मोकळे व्हायचे. आता जन्मदाखले असतात. चाचणीच्या यादीत नावापुढे जन्ममहिन्याचा रकाना घालायला काहीच अडत नाही. गेल्या वर्षी मी तो घातला, आणि आम्ही निवडलेल्यांत पहिल्या चार महिन्यांची दाटी पाहून मला झोप लागली नाही.

उशिरा ‘दिसलेला’ माणूस तर आपल्याच जिल्ह्यात आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला, तिथं रोइंगकडे, म्हणजे वल्ही मारत होडी पळवण्याच्या शर्यतींकडे वळला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला उतरला. रोइंग आणि फुटबॉल एक नव्हे, हे मला मान्य आहे. चेंडूची आणि पायाची ओळख लहानपणीच व्हायला हवी. पण ती व्हायची तर मुलाला मैदानावर ठेवावं लागतं, गाळून कसं चालेल?

आता उंची आणि ताकद. सगळ्यांत जास्त नुकसान याच मुद्द्यानं होतं, आणि ते मी स्वतः केलेलं आहे.

मुलांची उंची सगळ्यांत झपाट्यानं वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची बाराव्याच्या. हे झालं सरासरीचं. प्रत्यक्षात तेरा वर्षांखालच्या चाचणीत एकाला मिसरूड फुटलेली असते आणि त्याच्या शेजारच्याचा आवाजही फुटलेला नसतो. मोठा धक्का मारतो, चेंडू घेतो, पळत सुटतो. छान दिसतं. वाट काढायची, मान वर करून साथीदार शोधायचा, याची त्याला गरजच पडत नाही. सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्याएवढे होतात आणि मग त्याच्याकडे काही उरत नाही. म्हणून तर इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं २०१५ मध्ये मुलांचे गट वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार पाडून सामने खेळवून पाहिले, आणि बेल्जियमनं उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे राष्ट्रीय संघच ठेवले. आपला सुनील छेत्री ५ फूट ७ इंचांचा आहे.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका चाचणीला पेठ तालुक्यातून एक मुलगा आला होता. पहाटेच्या एसटीनं, एकटाच. गवतावर दव होतं. बूट कुणाचे तरी मागून आणलेले, पंजात वर्तमानपत्राचा कागद कोंबलेला. छातीवर टाचणीनं लावलेला ३४ नंबर त्याच्या पोटापर्यंत येत होता. पण चेंडू त्याच्याकडे निघायच्या आधी तो एकदा डाव्या खांद्यावरून आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागं बघायचा. दर वेळी. त्यामुळे चेंडू आला की त्याचा पहिलाच स्पर्श मोकळ्या बाजूला जायचा. ही सवय शिकवायला मला दोन-दोन वर्षं लागतात. धक्काबुक्कीत मात्र तो तीनदा पडला. मी वहीत लिहिलं, ‘चण लहान, पुढच्या वर्षी बघू’. पुढच्या वर्षी तो आलाच नाही.

पाच मिनिटांत ओळखणाऱ्या नजरेबद्दल साधा हिशोब मांडू. दहा मिनिटांचा सामना म्हणजे ६०० सेकंद. चेंडू एक, मुलं २२. सगळ्यांना सारखा वाटला तरी एकाच्या वाट्याला २७ सेकंद येतात, आणि तो सारखा कधीच वाटला जात नाही. पाच मिनिटांत तर त्याच्याही निम्मे. एवढ्यात कोचला दिसतो तो मुलाचा बांधा आणि त्याचे बूट. इंग्लंडच्या हॅरी केनला आर्सेनल क्लबनं लहानपणीच सोडून दिलं होतं आणि २०१८ च्या विश्वचषकात सगळ्यांत जास्त गोल त्याचे होते. आर्सेनलच्या कोचांची नजर माझ्यापेक्षा कमी नसणार. एका मैदानाचे चार तुकडे करा, चार विरुद्ध चार खेळवा, म्हणजे तेवढ्याच वेळात एकेकाच्या वाट्याला ७५ सेकंद येतील. तीन वेगवेगळ्या दिवशी बोलवा. लांबून येणाऱ्यांना दुपारची वेळ द्या. चेंडू गेल्यावर मुलगा काय करतो ते बघा: हात कमरेवर ठेवून उभा राहतो, की लगेच मागं धावतो?

गोल मोजण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. सगळ्यांत पुढे उभा असलेला गोल करतो. ज्यानं चेंडू अडवला आणि ज्यानं तो पास दिला, त्यांची नावं त्या तक्त्यात कुठेच येत नाहीत.

राहिलं कारण न सांगणं. संघात १८ जागा असतात, बाकीच्यांना नाही म्हणावंच लागतं. ते टळत नाही आणि मी ते गोड करूनही सांगत नाही. पण यादी भिंतीवर चिकटवून कोच निघून गेला की मूल स्वतःच कारण शोधतं, आणि त्याला सापडणारं कारण एकच असतं: मला येत नाही. मुलं खचतात ती त्यानं. आता मी न निवडलेल्या प्रत्येकाला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगतो, काय चांगलं दिसलं आणि काय कमी पडलं. नव्वद मुलं असली तर दोन संध्याकाळी जातात.

३४ नंबरला सांगायला तर एक मिनिटही लागलं नसतं. चेंडू यायच्या आधी तू मागं बघतोस ना, ते सोडू नकोस. बाकीची पोरं अंगानं मोठी आहेत एवढंच, उंची तुझीही वाढेल. आणि पुढच्या डिसेंबरात नक्की ये, मी वाट बघतो.