जुलैतली सुरमई आणि तुमचा एक स्टार

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. रूम स्वच्छ, सोलकढी मस्त, वडे गरमागरम, हे सगळं लिहून स्टार मात्र एकच, कारण आमच्या किचनमधल्या काकूंनी सासू-सासऱ्यांसमोर तुमचा अपमान केला. वर असंही लिहिलंय की हेतू काय होता त्याच्याशी मला घेणंदेणं नाही, मला अपमान वाटला म्हणजे तो झाला, आणि मी वकिलाशी बोलणार आहे. म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

बाकीच्यांना कळावं म्हणून सांगतो. जुलै महिना, मालवणजवळच्या आमच्या देवबागात धो धो पाऊस, आणि तुम्हाला ताजी सुरमई हवी होती. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मासळीचा विणीचा काळ असतो आणि दर्यापण खवळलेला, त्यामुळे सुरमई मिळेल ती बर्फातली हे मी ऑर्डर घेतानाच बोललो होतो, खाडीची तांबोशी, कालवं, कुर्ल्या आहेत हे पण सांगितलं. त्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे शिळं खपवणार, ते तर मुंबईत पण मिळतं." काकू वाढत होत्या, त्या म्हणाल्या, "बाबानू, ताजी सुरमय आता टीव्हीवरच गावतली", म्हणजे टीव्हीवरच मिळेल. शेजारचं टेबल हसलं. एवढंच.

आता तुमचाच नियम लावून बघूया. काकू गाबीत, म्हणजे मासेमारांच्या घरातल्या, अख्खा जन्म मासळीत गेला, त्यांच्या तोंडावर "शिळं खपवता" म्हणजे सोनाराला त्याच्याच पेढीवर खोटं सोनं विकतोस म्हणण्यासारखं झालं. तुम्ही मुद्दाम नाही बोललात, मला माहितीये, बाजारात बोलतो तसं सहज बोलून गेलात. पण त्यांना लागलं. लागलं म्हणजे अपमान झाला असं असेल तर पहिला अपमान कोणी केला मग?

याचा अर्थ हेतू नव्हता ना मग सोडून द्या, असं पण नाही हं. आमच्या इकडे तिरकस बोलायचं आणि वर "मस्करी केलंय हो" म्हणून हात झटकायचे ही काही लोकांची सवय आहे, मला ती अजिबात पटत नाही. पहिल्यांदा नकळत लागलं तर ठीक, पण समोरच्याला लागतंय हे दिसल्यावर तेच परत बोललात तर मग तो हेतूच झाला की. काकूंनी परत काही म्हटलं नाही, उलट सासूबाईंना सोलकढी आणून दिली, ते रिव्ह्यूत लिहायचं राहिलं वाटतं.

माझं मत विचाराल तर वाक्य साधंच होतं, जड झालं ते सासऱ्यांमुळे. इथले रिक्षावाले काकूंकडून याच्यापेक्षा कडक रोज ऐकतात आणि दुप्पट परत करतात, त्यांना उलट बोलायची मोकळीक आहे ना. तुम्ही जावई म्हणून बसलेले, उत्तर देता येईना, त्यात अनोळखी माणसं हसली. लागणारच. मी पण कोणाचातरी जावई आहे. आपण दोघंच पडवीत असतो तर तुम्हीच पहिले हसला असता.

वकिलाचं म्हणाल तर जरूर बोला, पण भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२, म्हणजे आधीचं आयपीसी ५०४, ते मुद्दाम केलेल्या अपमानाबद्दल आहे, तेही समोरचा भडकून शांतता मोडेल अशा. म्हणजे हेतूशी घेणंदेणं नाही हे तिथे चालणार नाही. तसं पण जेवणाच्या पानावरची गोष्ट कोर्टात नेऊन काय मिळणार, तारखाच.

आता खरी गोष्ट. टीव्हीवालं वाक्य गडबडीत तोंडातून निघालं. तुम्ही रिव्ह्यूत "अडाणी बाई" लिहिलंत ते घरी जाऊन, शांतपणे बसून, टाइप करून, आणि ते इथे कोणीही कधीही वाचणार, काकूंची नात पण वाचणार, ती दहावीला आहे आणि आमच्या बुकिंगचे मेसेज तीच बघते. त्यात हेतू नव्हता असं तुम्हीच सांगा, मी ऐकून घेईन.

स्टार एकच राहू दे, मासा महाग वाटला असेल तर ते पण लिहा, मला चालेल. फक्त ते दोन शब्द काढा. काढलेत की इथेच कळवा, म्हणजे मी पण हे उत्तर छोटं करतो, उगाच तुमच्या सासरच्यांनी वाचायला नको.