जर्सीतला ट्रस्ट आणि ‘सीए मोकळा’वाला मेसेज

बेळगाव-निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरूलालाय, की परदेशातले ट्रस्टचे कायदे बदललेत, आता जर्सी (इंग्लंड-फ्रान्समधलं बेट) नाहीतर कुक आयलंडमध्ये (पॅसिफिकमधली बेटं) ट्रस्ट काढला की इथं काही दाखवायला नको आणि ट्रस्टी, सल्लागार सगळे मोकळे. हे चूक आहे. तुम्ही इथले रहिवासी असाल आणि परदेशी ट्रस्टमध्ये ट्रस्टी, लाभार्थी किंवा ट्रस्ट काढणारे असाल तर आयकर रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, ते लिहावंच लागतं, ट्रस्टचे पैसे लंडनच्या मुलाने भरले असले तरी. लपवलं तर 2015 च्या काळा पैसा कायद्याने लपवलेल्या मालमत्तेवर 30 टक्के कर आणि वर त्या कराच्या तिप्पट दंड, म्हणजे मालमत्तेपेक्षा बिल मोठं. आणि सल्लागार मोकळा कुठला, खोटं भरायला मदत केली तर 6 महिने ते 7 वर्षं सक्तमजुरी आहे. जर्सीतसुद्धा ट्रस्टीला फसवणूक, मुद्दाम केलेला घोळ, घोर निष्काळजीपणा यातून करारात सूट लिहून घेता येत नाही. बरं, तिथल्या खात्यांची माहिती सीआरएसखाली, म्हणजे देशादेशांनी एकमेकांना खात्यांची माहिती द्यायच्या व्यवस्थेखाली, आपोआप इकडे येते, त्यामुळे ‘कुणाला कळतंय’ म्हणणारा एजंट फक्त आपली फी बघतोय. आधीच कुणी असा ट्रस्ट केला असेल तर कागद घेऊन चांगल्या सीएला दाखवा की.