लुईश राजाच्या कानावरचे केस

फोंड्याच्या आमच्या जुन्या घरातील देवघरात, अन्नपूर्णेच्या शेजारी, एक चांदीचा रुपया माझ्या जन्माच्या आधीपासून पूजा घेत बसलेला आहे. त्याच्या एका अंगाला पोर्तुगालचा राजा लुईश पहिला याचा मुखवटा आहे आणि साल १८८१ आहे. आमची आत्या या रुपयाला ‘लक्ष्मी’ म्हणते. मिशा असलेली लक्ष्मी फोंडा तालुक्यात आणखी कोणाच्या घरी असल्यास मला ठाऊक नाही.

मृगापूर्वी कौले परतायची होती आणि मजुरीचा आकडा ऐकून मी दोन दिवस अबोल झालो होतो. अशा नाजूक वेळी मुंबईहून आलेल्या भाच्याने देवघरात डोकावून, ‘मामा, असली नाणी लाखांत जातात,’ असे सहज सांगितले आणि माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराची झोप उडवून तो आंबे घेऊन परत गेला.

पहिली पायरी अर्थातच सोनाराची. १८७८ साली पोर्तुगीज आणि इंग्रज सरकारांत जो करार झाला, त्यानंतर गोव्याचा रुपया इंग्रजी रुपयाच्या मापाचा झाला. म्हणजे वजन ११.६६ ग्रॅम आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. एवढा अभ्यास मी करून गेलो होतो. शेटनी नाणे काट्यावर ठेवले, आकडा ११.३८ वर स्थिरावला आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असे पाहिले की जणू उरलेले २८ सेंटिग्रॅम मीच वाटेत खाल्ले होते. घरी येऊन आत्याकडे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तो रुपया आधी चिंचेने, मग रांगोळीने आणि अलीकडे टूथपेस्टने घासला जातो. आत्याच्या आधी हेच काम आजी करीत असे. आमच्या घराण्याची भक्ती वर्षानुवर्षे तुळशीच्या आळ्यात वाहून जात होती.

तरीही चांदी खरी असल्याची खातरजमा हवी होती. लोहचुंबकाने नाण्याची दखल घेतली नाही, परंतु तांब्याचीही तो घेत नाही, म्हणून मी शेटकडून शंभरावा भाग दाखवणारा काटा एका दुपारपुरता मागून आणला. काट्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा, नाणे दोऱ्याने बांधून तळाला न टेकवता पाण्यात बुडवायचे आणि काटा जो आकडा दाखवील त्याने कोरड्या वजनाला भागायचे. काटा १.१० वर थांबला, भागाकार १०.३ च्या आसपास आला आणि असल्या चांदीचे विशिष्ट गुरुत्वही तेवढेच असते. पहिल्या खेपेस मात्र पेल्यात कालची सोलकढी शिल्लक होती, त्यामुळे आलेला आकडा मी कोणालाही सांगितलेला नाही.

खरा प्रश्न होता तो दर्जाचा. नाण्यांच्या व्यवहारात दर्जाला जे शब्द आहेत, त्यांनी तीस वर्षे वह्या तपासलेल्या माझ्यासारख्या माणसाचा अंतच पाहिला. ‘फाइन’ म्हणजे बऱ्यापैकी झिजलेले. ‘व्हेरी गुड’ म्हणजे त्याहून झिजलेले. ‘गुड’ म्हणजे राजाच्या चेहऱ्याची केवळ बाह्यरेषा उरलेली. किती मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर मी प्रेमाने ‘गुड’ लिहिले असेल, या विचाराने मला घाम फुटला. या शब्दांना आकड्यांची जोड आहे ती १ ते ७० अशी. शंभर का नाही, याचे कारण असे की विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९४९ साली ही मोजणी तिकडच्या तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी बसवली आणि सर्वांत उत्तम सेंटाची किंमत सर्वांत वाईट सेंटाच्या सत्तरपट धरली. याच गृहस्थाने माणसांच्या शरीरांचीही तीन प्रकारांत वाटणी केली होती. माझी कोणत्या प्रकारात झाली असती, हे विचारायची आमच्या घरात सोय नाही, कारण उत्तर तत्काळ मिळते.

झीज पाहायची ती मुखवट्याच्या सर्वांत उंच भागावर, म्हणजे कानावरच्या केसांत, भुवईत आणि गालाच्या हाडावर. मी भिंग घेऊन लुईश राजाच्या कानावर अर्धा तास घालवला. केसांच्या बटा सुट्या दिसल्या तर दर्जा वर जातो, एकमेकींत विरघळल्या असतील तर खाली येतो. मला त्या कधी सुट्या दिसत, कधी विरघळलेल्या. चहा घेतल्यावर सुट्या दिसण्याचे प्रमाण वाढे. शेवटी पत्नीने भिंग हातात घेतले, राजाकडे पाहिले, माझ्या डोक्याकडे पाहिले आणि ‘दोघांचे एकाच ठिकाणाहून गेलेत’ असा निर्वाळा दिला. तरीही मनातल्या मनात मी त्याला ‘एक्स्ट्रा फाइन’ देऊन, म्हणजे चाळिसाच्या वरचे गुण देऊन, मोकळा झालो. स्वतःच्या मुलाचा पेपर स्वतः तपासू नये असा नियम शाळेत असतो, तो उगीच नसतो.

पणजीतल्या एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याने नाणे कडेने धरले. मी ते पानातल्या सुपारीसारखे चिमटीत धरून दिले होते, त्याबद्दल त्याने काही म्हटले नाही, फक्त माझ्या बोटांकडे पाहिले. मग ते दिव्याखाली किंचित तिरपे करून फिरवले आणि एका दिशेने गेलेले बारीक ओरखडे मला दाखवले. ती रांगोळी होती. जुन्या चांदीवर आपसूक चढणारी करडी-निळी छटा संग्राहकांना हवी असते आणि नेमकी तीच आम्ही दरवर्षी ‘मळ’ म्हणून काढत आलो होतो. असे घासलेले नाणे प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून दर्जा देणाऱ्यांकडे पाठवले, तरी ते सत्तरांपैकी एकही गुण देत नाहीत. ‘साफ केलेले’ असा शेरा मारून परत करतात. म्हणजे नापाससुद्धा नाही, थेट उत्तरपत्रिकाच रद्द. पुढे कडेवर वरच्या बाजूला त्याचे नख अडखळले. तिथे कोणे एके काळी कडी झाळलेली होती, म्हणजे देवघरात येण्यापूर्वी लुईश महाराज आमच्या एखाद्या पणजीच्या गळ्यात लोंबकळत असावेत.

मी धीर करून विचारले, ‘पण एकंदरीत नाणे कसे आहे?’

‘बरें आसा,’ तो कोकणीत म्हणाला.

क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. मग लक्षात आले की ‘बरें’ म्हणजे ‘गुड’.

त्याने सांगितलेली किंमत सोनाराने सांगितलेल्या चांदीच्या भावापेक्षा थोडीशीच अधिक होती. १८८१ चे हे रुपये बाजारात भरपूर मिळतात, हेही त्याने सौजन्याने सांगितले. त्या पैशांत कौले परतणाऱ्या दोघांचा एक दिवसाचा चहा आणि पावभाजी भागली असती. मी नाणे मऊ कापडात गुंडाळून, कडेने धरून, कदंबा बसने परत आलो आणि पुसू नका, घासू नका, हात लावायचा तर फक्त कडेला, अशी सविस्तर सूचना आत्याला दिली. तिने ती पूर्ण ऐकून घेतली.

‘बाजारात किती जणांचे हात लागले असतील त्याला,’ असे म्हणून तिने कापड सोडले आणि वाटीत भिजवलेली चिंच पुढे ओढली.