स्मरणिकेचं पहिलं पान

आमच्या पॅरिशची, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळींची, स्मरणिका निघणार आहे आणि काल कमिटीच्या मीटिंगमधे माझी चांगलीच खडाजंगी झाली. तिथं धड बोलता आलं नाही म्हणून इथं लिहितो, फादरपण फेसबुक बघतात, बघू द्या.

वाद एवढाच की इतिहास सुरू कुठून करायचा. कमिटी म्हणते चर्चच्या बिल्डिंगपासून. म्हणजे पायाभरणीचा फोटो, आजवरच्या फादरांची यादी, बिशपांचा शुभसंदेश, आणि मागं कृषी केंद्रांच्या जाहिराती. मी म्हटलं 1899-1900 च्या दुकाळापासून करा, मिशननं उपाशी लेकरं सांभाळली तिथून. तर एक काका लगेच, "ते कायले छापता बाप्पा, लोकं आधीच म्हणतात ज्वारीपायी बाटले."

आता माझं ऐका. मागच्या वर्षी पोरीच्या लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला काढायला गेलो होतो, तेव्हा फादरांनी सहज मिशनचं जुनं रजिस्टर दाखवलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली, आणि सगळं लॅटिनमधे. रकाने तेच, लेकराचं नाव, आईबापाचं नाव, गॉडफादर गॉडमदर, बाप्तिस्मा कोणी दिला. पण 1900 च्या पानांवर आईबापाच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द, 'इग्नोती'. म्हटलं हे काय आडनाव आहे का? फादर म्हणाले, नाही, म्हणजे माहीत नाही.

त्यातली एक ओळ माझ्या पणजीची. वय अंदाजे पाच. बाजूला समासात वेगळ्या शाईत तिच्या लग्नाची नोंद (लग्न झालं की बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहायचा नियमच आहे), आणि नवरा कोण, तर त्याच वर्षीच्या रजिस्टरमधला पोरगा, तोही इग्नोती. दोघांनाही आडनाव नाही. पुढं आजोबांना शाळेत घालताना आडनाव लागत होतं तर मास्तरनं पणजोबाचं बाप्तिस्म्याचं नावच आडनाव म्हणून टाकून दिलं, तेच आज माझ्या आधार कार्डावर आहे. आणि 1950 च्या आधीचा जातीचा पुरावा आणा म्हणतात तेव्हा मी काय दाखवू, इग्नोती?

दुकाळ काही छोटा नव्हता. 1896-97 चा एक झाला, त्यातून माणसं उठतात न उठतात तोच 1899 चा पावसाळा कोरडा गेला. जनगणना बघा, वऱ्हाडात 1891 ला 28 लाख 97 हजार लोक, 1901 ला 27 लाख 54 हजार. दहा वर्षांत वाढायचं सोडून 1 लाख 43 हजार कमी! त्या काळात इकडं फिरणारे फादर म्हणजे फ्रान्सच्या सवॉय भागातल्या आनसीहून आलेले फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे लोक. नागपूर धर्मप्रांत 1887 चा, आपला अमरावती तर पार 1955 चा, तेव्हा सगळा कारभार नागपुराहून.

त्या पाच वर्षांच्या पोरीला बाप्तिस्मा देताना कोणी विचारलं नसणार, हे मी मान्य करतो. खायला मिळालं म्हणून ती तिथं राहिली हेपण मान्य. पण मग? ज्वारी तर दोन-तीन वर्षांत परत पिकली, ती काही परत गेली नाही. जाणार कुठं हाही प्रश्नच म्हणा. पण तिची सून, म्हणजे माझी आजी, सही येत नव्हती, अंगठा लावायची, आणि मिस्सात (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत) लॅटिन उत्तरं धडाधड द्यायची, 'एत कुम स्पिरितु तुओ', अर्थ एक नाही माहीत. व्हॅटिकनची 1962 ते 65 ची परिषद झाली, मग इकडं मिस्सा मराठीतून सुरू झाली तेव्हा बाबांना म्हणे, "मराठीतून सांगतलं तं देवाले समजन काय रे?" असं माणूस ज्वारीपायी बोलतं का?

ज्या काकांना लाज वाटते ना, त्यांचे आजोबापण त्याच पानांवर आहेत, मी बघितलंय, नाव सांगत नाही. उपाशी लेकरू जेवलं यात लाजायचं काय आहे मला कळत नाही, लाज वाटायचीच तर ज्यांच्या कोठारात धान्य होतं आणि कुलूप काढलं नाही त्यांच्या पोरानातवांना वाटावी.

फादरांनी रजिस्टरचे फोटो काढू दिले नाहीत, बरोबरच आहे, दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी आहेत त्या. माझ्या पणजीपणजोबाच्या दोन ओळी तेवढ्या वहीत उतरवून घेतल्या. पुढच्या रविवारी मिस्सानंतर परत मीटिंग आहे. पहिलं पान मी टाइप करून नेणार आहे. छापलं नाही तर झेरॉक्स काढून चर्चच्या दारात वाटीन, दोन रुपयाला एक पडते.