एका ओळीच्या स्क्रिप्टने वेबसाइट ॲक्सेसिबल होत नाही

वेब डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपांमधून गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. ‘ॲक्सेसिबिलिटीचं (अपंगत्व असलेल्यांनाही साइट वापरता येण्याचं) टेन्शन संपलं’ अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे. एक ओळीची स्क्रिप्ट टाका, साइट शंभर टक्के डब्ल्यूसीएजीप्रमाणे (ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे) होते. तसंही स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारा प्रोग्रॅम) वापरणारे आपल्या साइटवर येत नाहीत. लाइटहाउस या गूगलच्या तपासणी साधनात 100 गुण आले की विषय संपला. जमेल तिथे एरियाचे (ARIA, स्क्रीन रीडरला जादा माहिती देणारे) ॲट्रिब्यूट लावा, जितके जास्त तितकं चांगलं. आणि कीबोर्डवरची टॅब दाबल्यावर दिसणारी ती चौकट काढून टाका, डिझाइन खराब करते.

आजवर मी दुर्लक्ष करत होते. पण माझा भाचा नुकताच फ्रंट-एंडच्या कामाला लागलाय. त्याने हाच मेसेज मला पाठवला आणि वर लिहिलं, ‘मावशी, एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं कशाला डोकं खपवलंस?’ त्याने ती स्क्रिप्ट एका ऑनलाइन अर्जाच्या साइटवर टाकलीही होती. आता गप्प बसणं शक्य नाही.

पहिला मुद्दा, म्हणजे ती जादूची ओळ. हाच सगळ्यात घातक आहे, म्हणून त्यावरच जास्त बोलते. या स्क्रिप्टला ओव्हरले म्हणतात. ती टाकली की साइटच्या कोपऱ्यात माणसाच्या आकृतीचं गोल बटण येतं. दाबलं की पॅनेल उघडतं: अक्षरं मोठी करा, कॉन्ट्रास्ट वाढवा, ॲनिमेशन थांबवा. सोबत जाहिरात असते की आतली एआय तुमच्या कोडमधल्या चुका आपोआप दुरुस्त करते.

हे दावे तपासणीत टिकलेले नाहीत. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲक्सेसीबी या कंपनीवर नेमक्या याच दाव्यासाठी कारवाई केली. आपलं एआय-आधारित साधन कुठलीही वेबसाइट डब्ल्यूसीएजीनुसार करतं, असं ही कंपनी सांगत होती. कमिशनने हा दावा खोटा आणि दिशाभूल करणारा असल्याचा आरोप ठेवला आणि तडजोडीत 10 लाख डॉलर भरायला लावले. पुराव्याशिवाय असा दावा पुन्हा करायचा नाही, अशी अट घातली. एप्रिलमध्ये तो आदेश अंतिम झाला. जी गोष्ट विकणाऱ्या कंपनीलाच म्हणायला मनाई झाली, ती आपण ग्रुपवर फुकट पसरवतोय.

मनाई का झाली, ते भाच्याच्याच साइटवर बघा. ते ओव्हरले चालू ठेवून मी एनव्हीडीएने तो अर्ज भरायला घेतला. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर आहे. या व्यवसायातल्या प्रत्येकाच्या मशीनवर तो असायला हवा. अर्जात रकान्यांच्या दोन रांगा होत्या आणि लेबलं नुसती शेजारी लिहिलेली होती, कोडमध्ये रकान्याशी जोडलेली नव्हती. स्क्रिप्टने अंदाज बांधला आणि ‘मोबाइल नंबर’ हे लेबल ईमेलच्या रकान्याला चिकटवलं. डोळ्यांनी बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही, कारण पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसतं. ऐकून भरणारा मात्र ईमेलच्या जागी फोन नंबर लिहिणार. त्यावर साइटने काय केलं? रकान्याची कड लाल केली. बस्स. चूक काय झाली याचा एक शब्द कुठे नाही, त्यामुळे स्क्रीन रीडर गप्प. शेवटी ‘अर्ज सादर करा’. ते बटण नव्हतंच. एका डिव्हला, म्हणजे कोडमधल्या नुसत्या रिकाम्या चौकोनाला, रंग देऊन क्लिक जोडलेलं होतं. टॅब दाबत गेलं की शेवटच्या रकान्यावरून फोकस (कीबोर्ड सध्या पानावर जिथे आहे ती जागा) थेट तळाच्या लिंकांवर जायचा. म्हणजे अर्ज पूर्ण भरूनही तो कीबोर्डवरून पाठवताच येत नव्हता.

आता दुरुस्ती ऐका. लेबल टॅगच्या ‘फॉर’मध्ये रकान्याचा आयडी लिहायचा. डिव्हच्या जागी खरा बटन टॅग वापरायचा; मग फोकस, एंटर, स्पेस, ‘हे बटण आहे’ ही ओळख, सगळं ब्राउझर स्वतःहून देतो. काय चुकलं ते सांगणारा संदेश शब्दांत लिहून त्या रकान्याशी जोडायचा. चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे हे, फक्त ते मूळ कोडमध्ये करावं लागतं. वरून टाकलेल्या स्क्रिप्टला लिहिणाऱ्याच्या मनातलं कळत नाही. चित्रांचंही तेच. एआय सांगेल, ‘लॅपटॉपसमोर बसलेली स्त्री’. पण ते चित्र लिंक असेल आणि त्यावर दाबल्यावर निकालाचं पान उघडत असेल, तर ऐकणाऱ्याला ‘निकाल पाहा’ हवंय. त्याला त्या स्त्रीशी काय करायचंय?

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. ब्राउझरमध्ये झूम कुठे असतं हे ज्यांना माहीतच नाही, त्यांना अक्षरं मोठी करण्याचं बटण समोर दिसलं तर उपयोग होतो. पण तेवढ्यासाठी दुसऱ्या कंपनीची स्क्रिप्ट प्रत्येक पानावर लादायची गरज नाही. आणि ज्यांना रोजच मोठी अक्षरं लागतात त्यांनी ती फोनमध्ये, संगणकात आधीच लावून घेतलेली असतात. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याकडे जॉज, एनव्हीडीए, व्हॉइसओव्हर किंवा टॉकबॅक असतोच. तुमच्या साइटवर येईपर्यंत तो काही बिनआवाजाचा बसलेला नसतो. त्याला दुसरं पॅनेल नकोय, नीट लिहिलेलं पान हवंय.

दुसरा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. ‘असे युजर आपल्याकडे येत नाहीत.’ कशावरून? स्क्रीन रीडर वेबसाइटला आपली ओळख सांगत नाही, त्यामुळे तुमच्या ॲनालिटिक्समध्ये (साइटवरच्या भेटींच्या आकडेवारीत) तो दिसणारच नाही. जो अर्ज पाठवता येत नाही तो अर्धवट सोडून माणूस निघून जातो, आणि तुमच्या आकड्यांत तो फक्त ‘निघून गेलेला युजर’ असतो. वर त्याच आकड्यांवरून तुम्ही ठरवता की तो नव्हताच! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 130 कोटी लोकांना, म्हणजे दर सहांतल्या एकाला, लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे. आणि ॲक्सेसिबिलिटी म्हणजे फक्त दृष्टिहीनांची सोय, हे तरी कोणी सांगितलं? हात थरथरतो म्हणून माउस धरता न येणारे, ऐकू न येणारे आणि म्हणून व्हिडिओला कॅप्शन लागणारे, रंगांमधला फरक न कळणारे, वयामुळे नजर अधू झालेले, हे सगळे त्यात येतात.

तिसरा, लाइटहाउसचे 100. हे साधन चांगलं आहे, मीही वापरते. जे मशीनला कळतं ते ते पकडतं. पण 2019 मध्ये मानुएल मातुझोविच या डेव्हलपरने मुद्दाम एक पान बनवलं, जे कीबोर्डने वापरता येत नाही, माउसने वापरता येत नाही, वाचता येत नाही, आणि त्याला ॲक्सेसिबिलिटीत पैकीच्या पैकी गुण मिळवून दाखवले. डब्ल्यूसीएजी 2.2 मध्ये ए आणि एए या दोन पातळ्यांचे मिळून 55 निकष आहेत. त्यातल्या कित्येकांना माणसाचीच नजर लागते. आपल्या भाषेतलंच उदाहरण घ्या. भाच्याच्या साइटचा मजकूर सगळा मराठी, पण एचटीएमएल टॅगमध्ये भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी. टेम्प्लेटमधून आलेली, कोणी बदललीच नाही. लाइटहाउस फक्त एवढंच बघतं की भाषा लिहिली आहे का आणि तो कोड खरा आहे का. दोन्ही बरोबर, गुण पूर्ण. स्क्रीन रीडर मात्र त्या कोडवर विश्वास ठेवून इंग्रजी आवाज लावतो. त्यातले काही आवाज देवनागरी गाळूनच टाकतात, काही अक्षरं सुटी सुटी वाचतात. ‘ईएन’च्या जागी ‘एमआर’ लिहिलं की झालं. मराठीत साइट करणाऱ्यांनी हे आजच्या आज उघडून बघावं.

चौथा, एरिया सगळीकडे लावा. उलट आहे. एचटीएमएलमध्ये जे आयतं मिळतं तिथे एरिया वापरू नका, हा एरियाचाच पहिला नियम आहे. आणि चुकीच्या एरियापेक्षा एरिया नसलेलं बरं, असं वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यू3सी ही संस्था स्वतः सांगते. युटा स्टेट युनिव्हर्सिटीतली वेबएम ही संस्था 2019 पासून दरवर्षी दहा लाख वेबसाइटांची मुख्य पानं तपासते. 2024 च्या पाहणीत एरिया असलेल्या पानांवर एरिया नसलेल्या पानांपेक्षा सरासरी 34 टक्के जास्त चुका सापडल्या. एरियामुळेच चुका झाल्या असा याचा अर्थ नाही. अशी पानं मुळात गुंतागुंतीचीही असतात. पण ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ याला तर कसलाच आधार उरत नाही.

त्याच पाहणीत 95.9 टक्के पानांवर चुका निघाल्या, आणि त्या अवघड चुका नव्हत्या. 81 टक्के पानांवर फिका मजकूर, 54.5 टक्के पानांवर पर्यायी मजकूर (चित्राऐवजी ऐकवायचे शब्द) नसलेली चित्रं, 48.6 टक्के पानांवर लेबल नसलेले रकाने. पार्श्वभूमीशी मजकुराचा कॉन्ट्रास्ट किमान 4.5 ला 1 ठेवा, हे 2008 च्या डब्ल्यूसीएजी 2.0 पासून लिहून ठेवलेलं आहे. लोकांना एरियाची नाही, या प्राथमिक गोष्टींची शिकवणी हवी आहे.

राहिली ती चौकट. माउस न वापरणाऱ्याला आपण पानावर कुठे आहोत हे फक्त तिच्यावरून कळतं. डिझाइनच्या कोडमध्ये (सीएसएसमध्ये) ‘आउटलाइन: नन’ लिहिलं की तुम्ही त्याचा कर्सरच पुसून टाकलात. माउसने क्लिक केल्यावर ती दिसते म्हणून डिझायनर कुरकुरतात, हे खरं आहे, पण त्यावरही सीएसएसमध्येच उपाय आहे: ‘फोकस-व्हिजिबल’. तो वापरला की बटणावर माउसने क्लिक केल्यावर चौकट येत नाही, टॅब दाबून पोहोचलं की येते. मार्च 2022 पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत तो चालतो. रंग, जाडी, अंतर हवं ते ठेवा. आजूबाजूच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट निदान 3 ला 1 असू द्या. आणि डिझायनर तरीही ऐकत नसेल, तर त्याच्या हातातला माउस काढून घ्या आणि त्याला त्याच्याच साइटवरचा अर्ज भरायला बसवा.