पिकअप गेला म्हणजे इंजिन गेलं?

गेल्या दोन महिन्यांत एकच मजकूर मला सोसायटीच्या, गावाकडच्या आणि मेहुण्याच्या अशा तिन्ही ग्रुपवरून आला. ‘दहा वर्षांपुढच्या गाडीचा पिकअप वारंवार जातोय? समजा इंजिन संपलं!’ खाली पाच पक्क्या गोष्टी: इंजिन बसलंय तेव्हा रिंग-पिस्टन करून घ्या, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर दोषाचा कोड नाही म्हणजे पंप आणि वायरिंग ठीक, सगळा दोष पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलचा, तात्पुरता उपाय म्हणून बॅटरीची तार अर्धा तास काढून ठेवा, आणि टाकीत क्लीनरची बाटली ओता. नाशिकच्या पाथर्डी फाट्याला राहणारे माझे एक ओळखीचे गृहस्थ हे वाचून थेट हाफ इंजिनचं, म्हणजे अर्ध्या इंजिनाच्या मोठ्या कामाचं, कोटेशन घेऊन आले. गप्प बसवेना, म्हणून हे लिहितोय.

‘इंजिन संपलं.’ अहो, पिकअप जातो आणि थोडं थांबलं की परत येतो; झिजलेलं इंजिन पंधरा मिनिटं सावलीत उभं राहून तरुण होतं का? रिंगा गेल्या असतील तर गाडी सकाळीही ओढत नाही, संध्याकाळीही नाही. ऑइल कमी होत जातं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. तरीही शंका असेल तर प्लग काढून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचा काटा) लावायला सांगा. तासाभराचं काम आहे. सगळ्या सिलिंडरचे आकडे चांगले आणि एकमेकांच्या जवळपास आले तर रिंग-पिस्टनचा विषय तिथेच संपला.

माझी गाडी २००७ ची, छोटी, पेट्रोलवरची. नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाट चढताना निम्म्यात दम टाकायची. दुसरा गिअर, पाय पार तळाला, आणि गाडी नुसती घुरघुरतेय. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, आईने डब्यातली भाकरी काढली. आमचं खाऊन होईस्तोवर गाडी बरी! उरलेला घाट काही झालंच नाही अशी चढली. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा आई म्हणाली, ‘देवीला आपण पायी यावं असं वाटत असेल.’ तोवर शहरातल्या तीन गॅरेजांनी प्लग, कॉइल आणि शेवटी फ्यूएल पंपही बदलून झाला होता.

त्यातही आधी एक बघायचं असतं: ताकद खरंच इंजिनाचीच जातेय का? रेस दिल्यावर आवाज आणि आरपीएम चढतात पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. गाडी थांबवल्यावर एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलेलं असेल, तर ब्रेक जाम आहे. यासाठी इंजिन कशाला उघडायचं?

‘कोड नाही म्हणजे दोष नाही.’ जास्तीत जास्त नुकसान करतो तो हा मुद्दा. कॉम्प्युटरला दिसतं ते त्याला दिलेल्या सेन्सरांपुरतंच. जुन्या बऱ्याचशा पेट्रोल गाड्यांत फ्यूएल लाइनवर प्रेशरचा सेन्सरच नसतो. चढावर पेट्रोल कमी पडलं तरी त्या बिचाऱ्याला ते थेट कळत नाही. स्कॅनर लावलाच आहे तर कोड बघून लगेच काढू नका, चालू गाडीत फ्यूएल ट्रिमचा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा बघा. तो अधिक १०-१५ टक्क्यांच्या पुढे सरकत असेल, तर कॉम्प्युटर कुठलीतरी तूट भरून काढतोय.

माझ्या गाडीचा चोर सापडला तो साध्या काट्याच्या गेजवर. चौथ्या मेकॅनिकने लाइनला लांब नळीचं प्रेशर गेज जोडलं, काचेबाहेर वायपरखाली अडकवलं आणि म्हणाला, ‘चला, जिथे बंद पडते तिथेच.’ सपाटीला काटा ३ बारच्या आसपास. घाटात सातव्या-आठव्या मिनिटाला तो हळूहळू खाली यायला लागला आणि २ च्या खाली गेला, तशी गाडी मेली. खाली आल्यावर इंजिन चालू ठेवून मागची सीट उचलली. तिच्याखाली पंपाचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लॅस्टिकचा जोड. मल्टिमीटरवर बॅटरीपाशी १३.९ व्होल्ट, कपलरच्या पंपाकडच्या बाजूला ११.२. अडीच व्होल्टच्या वर वाटेतच गळत होते. कपलर ओढून काढला तर एका पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, पिन काळी. तापली की विजेला होणारा रोध वाढायचा, पंप मंदावायचा; भाकरी खाईपर्यंत निवायची. आधीच्या गॅरेजने नवाकोरा पंप टाकला होता, तो याच जळक्या कपलरला! कपलर आणि वीतभर वायर बदलली, त्यानंतर दोनदा गडावर जाऊन आलो.

‘इथेनॉलच.’ यात थोडं तथ्य आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते, म्हणजे २० टक्के मिश्रणात सुमारे ७ टक्के घट. ॲव्हरेज थोडं पडणारच, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांवरही लक्ष ठेवायला हवं. पण टाकीतलं पेट्रोल दिंडोरी रोडवर एक आणि घाटात दुसरं नसतं. सतत असलेलं कारण दोष मात्र अधूनमधून दाखवेल, हे पटत नाही. हां, जुन्या टाकीतला साचलेला मळ इथेनॉलमुळे सुटून फिल्टर आणि पंपाची जाळी तुंबू शकते, तेवढं तपासा. आणि गाडी बसली की इंजिन बंद करून टाकीचं झाकण उघडा. जोरात हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर टाकीचा श्वास कोंडलाय.

मजकुरात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा डबा) नावही नाही. तो तुंबला तर गाडी आयडलला, म्हणजे रेस न देता, गुपचूप चालते, रेस दिली की गुदमरते. व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते दाखवणारा काटा) लावून आरपीएम २५०० वर धरा. काटा हळूहळू उतरत गेला तर संशय पक्का. गेजवर आयडलला पाऱ्याचे १७ ते २१ इंच असावेत असं सांगतात, तो हिशेब समुद्रसपाटीचा. नाशिक साधारण ६०० मीटरवर, इथे दोन इंच कमीच धरायचे. नाहीतर चांगलं इंजिनही आजारी ठरतं.

‘बॅटरीची तार काढा.’ म्हणजे पंचनाम्याआधीच जागा पुसून काढायची! साठलेले कोड आणि कॉम्प्युटरने शिकलेले आकडे दोन्ही बऱ्याचदा जातात. पुढचे काही किलोमीटर गाडी बरी वाटेलही, पण दोष जिथल्या तिथे.

बाटली. इंजेक्टरवरच्या मळाला लागली तर लागेल, जळक्या पिनेला नाही.

पाथर्डी फाट्याच्या त्या गृहस्थांना मी एवढंच विचारलं, गाडी नेमकी कधी बसते? म्हणाले, दुपारी, एसी लावून, कसाऱ्याकडून वर येताना. इगतपुरीला चहा घेतला की पुन्हा ठीक. शनिवारी गेज लावून घाटात जायचं ठरलंय. हाफ इंजिनचं कोटेशन तोवर त्यांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.