लाईन पडल्याचं मला शाखेच्या फोनवरून का कळावं?

सोमवार, महिन्याची १ तारीख. सकाळी ८ वाजून ४० मिनिटांनी आमच्या बँकेच्या शाखेतून फोन. "अहो, सिस्टीम कधी सुरू होणार? बाहेर पेन्शनवाल्यांची रांग लागलीय." मी तेव्हा बसस्टॉपवर उभा. सिस्टीम बंद आहे हेच मला त्या फोनवरून कळलं! आणि बंद पडली होती रात्री २ वाजून १४ मिनिटांनी. साडेसहा तास चौदा शाखांचा मुख्य कार्यालयाशी संबंध तुटलेला, आणि ज्याच्या गळ्यात नेटवर्कची जबाबदारी बांधलीय त्या माणसाला कुणी उठवलंसुद्धा नाही.

मॉनिटरिंग नव्हतं असं नाही, आणि माझा संताप नेमका त्याचाच आहे. सर्व्हर रूममध्ये झॅबिक्स हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर चालू आहे, दर मिनिटाला प्रत्येक शाखेच्या राऊटरला पिंग करतं, म्हणजे 'आहेस का?' असं विचारतं. त्याने लाईन गेल्याचं बरोबर ओळखलं, मेलही पाठवला. कुठे? आमच्याच इमारतीतल्या मेल सर्व्हरवर. माझा मोबाईल बाहेर, आणि त्या सर्व्हरपर्यंत यायचा रस्ताच तुटलेला. पूर आल्याचा निरोप वाहून गेलेल्या पुलावरून पाठवायचा, तशातली गत. लाईन देणाऱ्या कंपनीनेही रात्रीच मेल टाकला होता म्हणे. तोही त्याच पत्त्यावर! माझा मोबाईल नंबर त्यांच्याकडे आहे. एक फोन करायला काय झालं होतं? ११ वाजून ५ मिनिटांनी फायबर जोडली गेली आणि ६३ मेल एकदम येऊन कोसळले. 'डाऊन' आणि 'अप' एकाच मिनिटात. काय करू आता त्यांचं?

दुसरी लाईन आहे ना, असं विचारणारे भेटतात. आहे, वेगळ्या कंपनीची आहे, तिचंही बिल दर महिन्याला भरतो. पण दोन्ही केबल इमारतीसमोरच्या एकाच चरीतून आल्यात. रात्री रस्त्याचं काम चालू होतं, जेसीबीने एका फटक्यात दोन्ही उपटल्या.

वाटेत एक शाखा लागते, तिथे डोकावलो. पायरीवर एक आजी पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बसल्या होत्या. सातच्या एसटीने आलेल्या, परतीची एसटी अकराची. मॅनेजर त्यांना "होईल, होईल" म्हणत होते. आजी पैसे न घेताच गेल्या. ही गोष्ट कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही. रिपोर्टमध्ये फक्त 'डाउनटाइम' येतो.

"मग एसएमएस का लावत नाही?" लावला होता साहेब! पण एसएमएस गेटवेला, म्हणजे मेसेज पुढे पाठवणाऱ्या कंपनीच्या सेवेला, मेसेज सोपवायलाही इंटरनेटच लागतं. वर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे मजकूर आधी डीएलटी या नोंदणी व्यवस्थेवर टेम्प्लेट, म्हणजे ठरलेला नमुना, म्हणून नोंदवावा लागतो. स्पॅम रोखायचा तर नियम हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. आमच्याकडे कुणीतरी मजकुरात 'शाखा' काढून 'ब्रँच' घातलं. टेम्प्लेट जुळेना, मेसेज वाटेतच गळायला लागले. पॅनेलवर मात्र छान 'सबमिटेड' दिसत होतं. दोन महिने कुणाला पत्ता नाही. अहो, 'सबमिटेड' म्हणजे मिळाला नव्हे!

त्याआधी सर्व्हरला सिमवाला यूएसबी मॉडेम लावलेला होता. साधी वस्तू. मेसेज थेट मोबाईल टॉवरवरून जातो, आमच्या फायबरशी घेणंदेणं नाही. त्याच्या प्रीपेड सिमचा रिचार्ज संपला, आउटगोइंग बंद झालं, आणि हा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा यावर अकाउंट्सने महिना घालवला. शेवटी मॉडेम ड्रॉवरमध्ये गेला. अजून तिथेच आहे.

आता खोट्या अलर्टचं ऐका. एका शाखेच्या यूपीएसची बॅटरी मेलीय. लाईट गेली की राऊटर बंद, दोन मिनिटांनी परत चालू. एक पिंग हुकला की अलर्ट. एका रात्रीत ३८ वेळा फोन वाजला, घरातलं लेकरू दचकून उठलं. तिसऱ्या रात्री माणूस फोन सायलेंटवर टाकणार नाही तर काय करणार? लांडगा आला रे आला झालं की खऱ्या लांडग्याला मोकळं रान. सलग चार-पाच पिंग हुकले तरच ओरडायचं, आणि मुख्य स्विच गेला तर त्याच्यामागच्या ३१ उपकरणांनी गप्प बसायचं, एवढं सांगता येतं. झॅबिक्समध्ये त्यासाठी ट्रिगर डिपेंडन्सी नावाची सोय आहे, नागिऑस या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'पेरेंट्स' आहेत. फक्त कशामागे काय जोडलंय ते बसून भरावं लागतं. त्यासाठी दोन दिवस मागितले, तर उत्तर: "चालू आहे ना सगळं? मग कशाला हात लावताय?"

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सहाएक तास बंद होतं. मेंटेनन्सच्या एका कमांडने त्यांचा बॅकबोन, म्हणजे डेटा सेंटरना जोडणारं मुख्य नेटवर्क, तुटला आणि दुरुस्तीची साधनंही त्याच नेटवर्कवर अवलंबून. शेवटी इंजिनिअर डेटा सेंटरवर पाठवावे लागले. एवढ्या मोठ्यांचे हाल जगाने पाहिले, तरी आम्ही पहारेकरी त्याच वाड्यात कोंडून ठेवणार!

मी मागतोय काय? बाहेर क्लाउडवर एक छोटा सर्व्हर. आमच्या झॅबिक्सने त्याला दर मिनिटाला 'मी जिवंत आहे' म्हणून कळवायचं. पाच मिनिटं काही आलं नाही, तर त्या बाहेरच्या सर्व्हरने मला थेट फोन लावायचा. मेल नको, ग्रुपवर मेसेज नको, कॉल. मी उचलला नाही तर पुढच्या माणसाला. सोबत तो मॉडेम ड्रॉवरमधून बाहेर, पोस्टपेड सिम घालून. आणि महिन्यातून एकदा, सांगून सवरून, भर दुपारी मुख्य केबल उपसायची आणि कॉल येतो का ते घड्याळ लावून बघायचं. खोट्या मेसेजची 'टेस्ट' मला चालणार नाही. सगळा खर्च महिन्याला हजाराच्या आत बसतो.

हा प्रस्ताव मी तीनदा दिलाय. तीनदा "पुढच्या मीटिंगला बघू". आणि सोमवारी त्याच केबिनमध्ये मला विचारलं गेलं, "तुम्हाला कळलं कसं नाही?"

काल संध्याकाळी इमारतीसमोरचा रस्ता पुन्हा खणायला घेतलाय, पलीकडच्या बाजूने. फाईल टेबलावर आहे. सही आज हवी.